सतरा दोषांची रायफल

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी कुणावर ओरडलो की तुम्ही दचकायला नको. माझे मामू म्हणायचे, हा पाळण्यातसुद्धा आधी ओरडला आणि मग रडला. पण ज्या रायफलीची ही हकिगत आहे तिच्या बाबतीत मला कुणावर ओरडायची सोय राहिली नाही, कारण तिची जी वाट लागली ती माझ्याच लाल पेन्सिलीने लागली.

पन्नास आणि साठच्या मधली वर्षं. कुवेतमध्ये मिरकाबला एका अरब शेठच्या गोदामात मी कारकून होतो. रंगाचे डबे, दोरखंड, पाइप, खिळे, असला सगळा माल. गोदामाच्या वर दोन खोल्या होत्या, त्यात मी आणि मामू राहायचो. मामू म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. आमचं गाव रत्नागिरीकडच्या खाडीवर, आणि मामू मूळचे होड्या बांधणारे सुतार. माझ्याआधी वीस वर्षं ते गलबतात बसून कुवेतला आले, तिथल्या एका बुजुर्ग अरब उस्तादाच्या हाताखाली मोठी गलबतं बांधायला शिकले, आणि नेमके हातात कसब मुरलं तेव्हा गलबतांचे दिवस संपले. मी गेलो तेव्हा ते त्याच शेठकडे खोकी आणि फळ्या ठोकत होते. गलबताची वळणदार नाळ, म्हणजे पुढचं उंच टोक, घडवणारा माणूस साबणाची खोकी ठोकतो म्हटल्यावर त्याचे हात शिवशिवणारच. खोलीतला स्टूल त्यांनी चार वेळा दुरुस्त केला होता, आणि तो पहिल्यापासून धड होता.

त्यात आमच्या गावची एक रीत. शेजाऱ्याची होडी एक दिवस मागून नेली तर परत करताना धुऊन, पुसून, एखादी फट बुजवून द्यायची. दुसऱ्याची चीज घरात राहिली आणि जशी आली तशीच परत गेली, तर घरात माणसं राहतात की गुरं, असं लोक विचारायचे. मामूंनी ही रीत कुवेतला येताना पेटीत घालून आणली होती.

आता माझी अडचण सांगतो. लग्नानंतर बेचाळीस दिवसांनी मी बोटीत बसलो. त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. मुलगी झाली ती मला पत्रातून कळली. बायकोने कागदावर तिचं पाऊल ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवली होती, तो कागद मी उशीखाली ठेवायचो. दर सहा महिन्यांनी नवा कागद यायचा, आणि पाऊल मोठं झालेलं असायचं. माझ्या मुलीची मला एवढीच ओळख होती, तळपायाची. दोघींना कुवेतला आणायचं तर शेठची सही लागत होती. अर्ज मी स्वतःच्या हाताने टाइप करून ठेवला होता. तो शेठच्या खणात वर्षभर पडून होता. मी विचारलं की शेठ म्हणायचे, "इन्शाल्ला, मुन्शी, इन्शाल्ला." त्यांचं इन्शाल्ला तीन तऱ्हेचं होतं. मान वर करून म्हटलं की काम होणार, मान खाली घालून म्हटलं की पुढच्या वर्षी, आणि जांभई देत म्हटलं की विसर. मला कायम जांभईचं मिळायचं.

शेठ तरुणपणी मुंबईत खजुराच्या पेढीवर होते, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचे. माणूस वाईट नव्हता. पण उन्हाळा आला की त्यांचं डोकं तापायचं, आणि कुवेतचा उन्हाळा काय दोन दिवसांचा असतो? त्या वर्षी त्यांनी मीना अब्दुल्ला बंदरावर तेल कंपनीत काम करणाऱ्या एका अमेरिकन इंजिनिअरच्या घरी थंड हवेचं मशीन पाहिलं. खिडकीत बसवायचं, बटण दाबायचं, की खोलीत हिवाळा. शेठ तिथून आले ते प्रेमात पडूनच. आपल्या दिवाणियात, म्हणजे ज्या बैठकीच्या खोलीत त्यांचे मित्र रोज चहा-कॉफीला जमायचे तिथे, तसलंच मशीन हवं म्हणून ते हटून बसले. बाजारात तेव्हा ते सहज मिळत नव्हतं. इंजिनिअरसाहेबाकडे मात्र एक जादा होतं, खोक्यात बंद.

आणि साहेबाला हवी होती शेठच्या वडिलांची रायफल.

ती रायफल कपाटामागे चादरीत गुंडाळून पडलेली असायची. शेठच्या वडिलांनी ती फार पूर्वी, हरणांच्या शिकारीसाठी म्हणून मुंबईत घेतली होती. अमेरिकेची, आपोआप भरणाऱ्या रायफलींच्या अगदी पहिल्या पिढीतली. म्हणजे चाप दाबला की गोळी सुटते, रिकामं टरफल आपलं आपण उडून बाहेर पडतं आणि पुढचं काडतूस जागेवर येऊन बसतं. आपण फक्त पुन्हा चाप दाबायचा. शेठच्या वडिलांनी दोन-चारदा उडवली आणि ठेवून दिली. जी बंदूक मी न सांगता भरते ती मी न सांगता सुटणार नाही कशावरून, असं त्यांचं म्हणणं. बिनतोड होतं! त्यामुळे पन्नासेक वर्षं ती तशीच राहिली. साहेबाला जुन्या शिकारी रायफली जमवायचा नाद होता. ही बघितल्यावर त्याने टोपी काढली, चर्चमध्ये शिरावं तशी.

सौदा ठरला. रायफल द्यायची, मशीन घ्यायचं. शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "मुन्शी, दिवाणिया ठंडा होगा तो मेरा सर भी ठंडा होगा. उसी दिन तुम्हारे कागज पे साइन. इन्शाल्ला." आणि हे म्हणताना त्यांनी मान वर केली. माझ्या आयुष्यातलं पहिलं मान वर केलेलं इन्शाल्ला! मी जिना चढताना दोन-दोन पायऱ्या एकदम चढलो.

घ्यायच्या आधी साहेब रायफल नीट तपासायला गोदामात आला. टेबलावर त्याने स्वतःची मऊ फडकी अंथरली, बॅटरी काढली, भिंग काढलं आणि तासभर तिच्यावर वाकून बसला. बोलत गेला तसं मी टाइप करत गेलो. मुलगी बघायला आलेले सोयरेसुद्धा इतकं न्याहाळत नसतील. डाव्या अंगाला, जिथे हातात धरून नेतात तिथे, निळसर काळी झिलई पातळ होऊन तपकिरी दिसते. नळीच्या टोकाशी झिलई उडाली आहे. लाकडी दस्त्यावर मूळचं रोगण काळवंडलं आहे. दस्त्याच्या टाचेशी पोचा आहे. मुठीजवळची कोरीव जाळी झिजली आहे. एका स्क्रूच्या खाचेवर ओरखडा. असं करत करत सतरा कलमं झाली. सतरावं कलम होतं, दस्त्याच्या बुडाशी चाकूच्या टोकाने कोरलेली खूण, बहुधा मालकाची. साहेब मध्येच खोल श्वास घ्यायचा. मला वाटलं, बिचारा निराश झाला.

जाताना तो म्हणाला, "दोन आठवड्यांनी शुक्रवारी येतो. मशीन घेऊनच येतो. त्या दिवशी या यादीतलं एकेक कलम रायफलीशी ताडून बघेन, आणि मग घेऊन जाईन." त्याच संध्याकाळी शेठ आपल्या खजुराच्या बागा बघायला बसऱ्याला गेले. जाताना रायफल माझ्या ताब्यात देऊन गेले. "मुन्शी, संभालना." मी छातीवर हात ठेवला.

आता इथे आमच्या धंद्याची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही आम्हाला निव्वळ मूर्ख समजाल. थोडे मूर्ख होतोच, पण निव्वळ नव्हे. त्या काळात आम्ही तेल कंपन्यांच्या बांधकामांना दारं, कपाटं, खोकी पुरवायचो. त्यांचा माणूस येऊन माल तपासायचा आणि दोषांची यादी हातात द्यायचा. दार घासतं, रंगाला फोड, कडी सैल. मग मामू ते दोष काढायचे, मी एकेका कलमावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायचो आणि खाली टाइप करायचो, 'वरील सर्व बाबींची पूर्तता केली आहे.' दुसऱ्या खेपेला तो माणूस यादी मालाशी ताडून बघायचा आणि माल उचलायचा. वर्षानुवर्षं हेच. यादी आली की दुरुस्ती करायची, हे आमच्या अंगात इतकं भिनलं होतं की कुणी वाण्याची यादी दिली असती तरी मामूंनी हातोडी शोधली असती.

मी वर गेलो आणि यादी मामूंना मराठीत वाचून दाखवली. मामू डोळे मिटून ऐकत होते. सतरावं कलम संपल्यावर म्हणाले, "एवढे दोष असून घेतोय म्हणजे दिलदार दिसतो. किती दिवस हायत?"

"दोन आठवडे."

"भरपूर."

रायफलीतली काडतुसांची पेटी साहेबाने आधीच रिकामी करून बाजूला ठेवली होती, एवढं तरी बरं. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की मामू गच्चीवर चटई टाकायचे आणि मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्य बुडेपर्यंत, त्या रायफलीला लागायचे. पहिल्या कलमावर त्यांचं मत ठाम होतं. निळसर काळं म्हणजे काळपटपणा आणि तपकिरी म्हणजे गंज. त्यांनी आधी खरखरीत, मग मऊ कागद, मग विटेची भुकटी आणि शेवटी चिंचेचा कोळ वापरून नळी अशी घासली की चौथ्या दिवशी तिच्यात मला माझं तोंड दिसायला लागलं. मी म्हटलं, "मामू, ही तर चांदीची झाली!" मामूंनी नुसतं हसून मिशीला हात लावला. मी यादीवर लाल खूण केली.

मग दस्ता. जुनं रोगण खरवडून काढलं. ओल्या फडक्यावर इस्त्री ठेवून पोचा वर आणला. हे काम इतकं सफाईचं होतं की आजही मला त्याचा अभिमान वाटतो. लाकडाला तकाकी हवी म्हणून मामूंनी गलबताला लावतात तेच माशाचं तेल लावलं. खाऱ्या हवेत त्यासारखं दुसरं काही नाही, हे खरंच आहे. फक्त मिरकाबमधली यच्चयावत मांजरं आमच्या जिन्यात येऊन बसली. एक बोका तर गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरेचना. स्क्रूच्या खाचेवर ओरखडा होता म्हणून मामूंनी सगळेच स्क्रू काढून पितळेचे नवे बसवले, होडीचे. झिजलेली जाळी त्यांनी नव्याने कोरली, जास्त खोल. मी रोज खुणा करत होतो. आठ, नऊ, दहा.

उरलं सतरावं. चाकूने कोरलेली ती वेडीवाकडी खूण. मामू तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "कुणा अडाण्याने खरवडलंय. नुसतं घासलं तर खड्डा पडेल. इथे काहीतरी कोरायला हवं." आणि दोन संध्याकाळी खपून त्यांनी तिथे एक फूल कोरलं. आठ पाकळ्यांचं, मध्ये बारीक दोरखंडासारखी वेल. किती वर्षांनी त्यांच्या हातात पटाशी अशी नाचत होती! जीभ दातात धरून, मान तिरकी करून ते कोरत होते, आणि मला त्यांच्याकडे बघून इतकं बरं वाटलं की मी चहा करून आणला. मी स्वतःहून चहा करणं म्हणजे तेव्हा ईदच होती.

त्याच आठवड्यात रत्नागिरीहून पाकीट आलं. पासपोर्टसाठी काढलेला बायकोचा फोटो. फोटोवाल्याने तिला गोरीपान केली होती, गालांवर गोलाई आणली होती, आणि लहानपणी विळीवर पडून डाव्या भुवईत तिला जी खोक पडली होती ती ब्रशने साफ बुजवली होती. मला फोटो आवडला. मामूंनाही आवडला. ते म्हणाले, "कारागीर चांगला हाय."

शुक्रवार उजाडला. शेठ आदल्या दिवशीच बसऱ्याहून आले होते. जुम्म्याची नमाज झाली आणि साहेबाची गाडी आली. मागे पिकअपमध्ये मशीनचं खोकं, दोरखंडाने बांधलेलं. शेठने त्या खोक्यावरून हात फिरवला. मी रायफल पांढऱ्या चादरीत गुंडाळून टेबलावर ठेवली होती, शेजारी यादी, सतरा लाल खुणा, आणि खाली टाइप केलेलं, 'वरील सर्व बाबींची पूर्तता केली आहे.' मामू नवा सदरा घालून दाराशी उभे होते. दोन मांजरं टेबलाखाली होती.

मी चादर काढली. उन्हाची तिरीप नळीवर पडून थेट साहेबाच्या डोळ्यांत गेली.

साहेब पुढे झाला नाही, मागे झाला नाही. मग हळूच मागे हात चाचपत रंगाच्या एका डब्यावर बसला. "पाणी," म्हणाला. मी पाणी दिलं आणि तोंडभर हसून यादी पुढे केली. "सगळी कलमं पूर्ण, सर."

"सतराच्या सतरा?"

"सतराच्या सतरा!"

त्याने यादी वाचली. प्रत्येक लाल खुणेवर बोट ठेवत वाचली. मग त्याने जे सांगितलं ते मला आधी शेठना हिंदीत आणि मग मामूंना मराठीत सांगायचं होतं. तो म्हणाला, ही यादी दोषांची नव्हती, ओळखीची होती. पन्नास वर्षांत हिला कुणी हात लावलेला नाही, याच्या त्या सतरा साक्षी होत्या. झिलई जिथे हाताने झिजली तिथेच झिजलेली हवी. रोगण काळवंडलेलं हवं. अशा रायफली जगात पुष्कळ असतील, पण जशी बनली तशी राहिलेली क्वचित सापडते, आणि त्यासाठी तो जीव टाकत होता. घासलेली रायफल त्याच्या लेखी रायफलच नव्हे.

मी अडखळत ते आधी हिंदीत आणि मग मराठीत सांगितलं. मी शेठकडे बघितलं. तोपर्यंत त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं, उलट चादर निघाल्या निघाल्या ते "माशाल्ला, एकदम नया!" म्हणाले होते. आता त्यांनी रायफल उचलली, उलटी केली, दस्त्याच्या बुडाशी बघितलं.

"मुन्शी," ते अगदी हळू म्हणाले, "वो निशान किधर है?"

मी मामूंकडे बघितलं.

"मेरे बाप ने किया था. मेरे सामने. मैं इतना था." त्यांनी गुडघ्याशी हात धरला.

खरं सांगतो, मशीन गेलं त्याचं मला काही वाटलं नाही, पण त्या हाताकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब उठला. तो रागावला नाही, हे त्याचं मोठेपण. मला म्हणाला, "हा कागद मला देशील? ती रायफल आता एवढ्यातच उरली आहे." मी कागद दिला. पिकअप मशीन घेऊन परत गेली. बोका तेवढा रस्त्यापर्यंत धावला. बहुतेक त्या कागदाला माशाचं तेल लागलं असावं.

शेठने खण उघडून माझा अर्ज बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं, परत आत ठेवला आणि किल्ली फिरवली. त्या दिवशी ते इन्शाल्लासुद्धा म्हणाले नाहीत.

मी वर आलो आणि ओरडायला तोंड उघडलं. मामू स्टुलावर बसले होते, दोन्ही हात उताणे मांडीवर ठेवून, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे होते आणि चुकून यांच्याकडे राहिले होते. म्हणाले, "मी तुझं घर मोडलं रे पोरा." मी तोंड मिटलं. खुणा मी केल्या होत्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी खोक्यांशिवाय कशाला हात लावला नाही. स्टूल खरंच डुगडुगायला लागला होता, तोही तसाच ठेवला.

मग माझा राग निघाला तो त्या रत्नागिरीच्या फोटोवाल्यावर. एके दुपारी मी तो फोटो पाकिटातून बाहेर काढून बघत होतो आणि माझं टाळकंच सरकलं. ही कोण बाई? हिची भुवई कुठे? बेचाळीस दिवस मी जिला बघितलं तिच्या भुवईत खोक होती, हसताना ती भुवई थोडी मोडायची, आणि त्या गाढवाने ती घासून काढली! कुणी सांगितलं होतं? मी त्याच बैठकीत पत्र लिहिलं. दुसरा फोटो काढ, आणि त्याला सांग, ब्रश लावलास तर मी कुवेतहून येऊन तुझे हात मोडीन. अर्ज खणात कुलूपबंद, सहीचा पत्ता नाही, आणि मी नवा फोटो मागवतोय. महिन्या-दीड महिन्याने तो आला. काळीसावळी, गालफडं बसलेली, भुवईत खोक. सोबत तिच्या हातचं चौथी पास अक्षर, 'सगळे म्हणत होते खूण बुजवून घे. मला वाटलं तुम्हालाही बरं वाटेल.' ते वाचून मी रडलो. यात लाजायचं काय आहे?

उन्हाळा टिपेला पोचला. शेठने रायफल दिवाणियातल्या भिंतीवर टांगली होती. बघणारे तिची वाहवा करायचे, काय चमकते म्हणायचे, आणि शेठ कॉफी मागवायचे. एका संध्याकाळी मी मालाच्या पत्रांवर सह्या घ्यायला तिथे गेलो तर शेठच्या वडिलांच्या वेळचे एक म्हातारे नाखवा आले होते. मोत्यांच्या आणि मालाच्या गलबतांवर आयुष्य काढलेले, आता डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. कुणीतरी त्यांच्या हातात रायफल दिली. त्यांनी नळीवरून हात फिरवला, काही नाही. दस्त्यावरून फिरवला. बुडाशी त्यांचा अंगठा थांबला. परत फिरवला. पाकळ्या मोजल्या. मग वास घेतला.

"हे तुझ्या बापाच्या गलबताचं फूल," ते अरबीत शेठना म्हणाले. "मागच्या बाजूला होतं, सुकाणूच्या वर. इथे कसं आलं?"

शेठने माझ्याकडे बघितलं. मी धावत मामूंना घेऊन आलो. मामूंना वाटलं आता हाकलतात. म्हाताऱ्यांनी विचारलं, हे फूल कुठे शिकलास? मामूंनी आपल्या उस्तादांचं नाव सांगितलं. मला माहीत असलेलं हे एकच फूल आहे, दुसरं येत नाही, असंही अपराध्यासारखं म्हणाले.

म्हातारे हसले. "तू तो हिंदी का? उस्ताद करवतीचं एक टोक धरायचा आणि दुसरं टोक तू धरायचास?"

"मीच दुसरं टोक," मामू म्हणाले.

ते गलबत शेठच्या वडिलांना पुढे मोडीत काढावं लागलं होतं. त्याची एक फळीसुद्धा शेठकडे नव्हती, हे मला नंतर कळलं. शेठने रायफल मांडीवर घेतली आणि त्या फुलावर अंगठा ठेवून बसून राहिले. खोलीत भट्टीसारखं उकडत होतं, पण कपाळाचा घाम पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खण उघडला आणि सही केली. फोटो मागितला. मी दिला. त्यांच्या दुसऱ्या कारकुनाने तो हातात घेऊन म्हटलं, "ही भुवईवरची खूण स्टुडिओत सहज काढून देतात." मी असा ओरडलो की दोरखंडांच्या मागे झोपलेलं मांजर उठून पळालं. शेठ म्हणाले, "मुन्शी ठीक बोलता है. जैसा है वैसा." मग मामूंकडे बोट करून म्हणाले, "और तुम मेरे घर की किसी चीज को हाथ नहीं लगाओगे."

बोट आली तेव्हा मी आणि मामू धक्क्यावर तीन तास आधीपासून उभे होतो. तिथला अधिकारी एकेक कागद बघत होता. तिचा फोटो त्याने धरला, तिच्याकडे बघितलं, आपल्याच भुवईवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि शिक्का मारला. तिच्या कडेवर ती मुलगी होती जिचा मला फक्त तळपाय माहीत होता. मी आधी तोच बघितला. बरोबर होता.

बायकोने मला आपादमस्तक न्याहाळलं. तीन वर्षांचं ऊन, अर्धे गेलेले केस, गोदामातला रंग नखांत. म्हणाली, "या अल्ला, किती काळवंडलात! घरी गेल्यावर चांगलं घासून न्हाऊ घालते."

माझ्या मागून मामू घाईघाईने पुढे आले आणि त्यांनी तिच्यासमोर दोन्ही हात आडवे धरले.

"घासू नको गो बाय," ते म्हणाले, "असाच राहू दे त्याला."